पायीं आलेला पाहुणा
(लेखक : एक निवृत्त महसुली कारकून, हातकणंगले)

प्रवासाचीं साधनें आज पुष्कळ झालीं आहेत. कोल्हापुराहून मिरजेकडे जाणारी आगगाडी हातकणंगल्याच्या स्टेशनावर थोडी थांबते. डब्यांत बसलेल्या परक्या माणसाला आपला गांव म्हणजे एक पाटी, एक फलाट आणि चार झाडें एवढाच दिसतो. सांगलीच्या हमरस्त्यानें मोटारींतून जाणाऱ्यास तेवढाहि दिसत नाहीं. पायीं जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. विहीर कोठें आहे, सावली कोठें आहे, कुत्रें कोणाचें आहे आणि हांक मारली असतां ओ देणारें घर कोणतें, हें सर्व त्याला पाहावें लागतें. वाहनांतला प्रवासी गांव पाहून पुढें जातो. पायीं चालणाऱ्याला गांवहि पाहतो, आणि बहुधा पाणी विचारतो.

आपल्या तालुक्याला पायीं चालणारीं माणसें नवीं नाहींत. चैत्रांत सासनकाठ्या घेऊन जोतिबाच्या डोंगराकडे जाणारे भाविक, आषाढींत पंढरीची वाट धरणारे वारकरी, नरसोबाच्या वाडीला चालत जाणारीं कुटुंबें, कुंभोजच्या बाहुबलीकडे अनवाणी विहार करणारे जैन मुनी, आणि पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठीं सोलापूर जिल्ह्यांतील अंजनगांवाहून चालत येणारे फरांडेबाबा, हे सर्व आपल्याच रस्त्यांनीं व पाणंदींनीं जातात. त्यांना पाणी देणें, भाकरी देणें, रात्रीं ओसरी मोकळी करणें, याला आपल्याकडे कोणी उपकार म्हणत नाहीं.

परंतु हे सारे आपले लोक आहेत. त्यांची भाषा आपली, देव ओळखीचा, गांव ऐकिवांतला. खरी कसोटी लागते ती येणारा मनुष्य परक्या राज्याचा, परक्या धर्माचा व परक्या भाषेचा असेल तेव्हां; त्याच्या व आपल्या राज्यांत वैर असेल तेव्हां; आणि त्यानें पाणी न मागतां जमीन मागितली तर मग विचारावयासच नको. अशी कसोटी १९६२ सालीं प्रत्यक्ष लागली. मागणारा पांथस्थ महाराष्ट्राचा होता, आणि ज्यांची कसोटी लागली ते आपल्यासारखेच शेतकरी होते. ती हकीकत जमीनधारक वाचकांनीं जाणून घेण्यासारखी आहे, म्हणून येथें देत आहें.

भूदानाची वाट

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील गागोदें या गांवीं झाला. १९५१ च्या वसंतांत ते वर्ध्याजवळील पवनार येथील आपल्या आश्रमांतून हैदराबादेनजीक शिवरामपल्ली येथें भरणाऱ्या सर्वोदय संमेलनास पायीं गेले. तेथून तेलंगणांतील गांवांतून फिरत असतां १८ एप्रिल १९५१ रोजीं ते नळगोंडा जिल्ह्यांतील पोचमपल्ली येथें पोंचले. त्या मुलखांत त्या वेळीं जमिनीवरून रक्तपात चालू होता. गांवांतील सुमारें चाळीस हरिजन कुटुंबांनीं त्यांच्याकडे ८० एकर जमिनीची मागणी केली. सरकारांत अर्ज करूं असें न म्हणतां विनोबांनीं जमलेल्या गांवकऱ्यांनाच विचारलें, आणि रामचंद्र रेड्डी नांवाचे जमीनदार उठून उभे राहिले व त्यांनीं १०० एकर देऊं केले. भूदानाची सुरुवात ती अशी.

पुढें तेरा वर्षें विनोबा चालत राहिले. पहाटे अंधारांतच कंदिलाच्या उजेडांत निघावें, दहा-बारा मैलांचा टप्पा करावा, मुक्कामाच्या गांवीं सभा घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा वाट धरावी, हा त्यांचा क्रम. त्यांची मागणीहि ठरलेली होती. तुम्हांला पांच मुलें असतील तर भूमिहीनाला सहावा मुलगा समजा, आणि त्याचा सहावा हिस्सा द्या. हिस्सेवाटणीचे तंटे ज्यानें पाहिले आहेत त्याला या मागणीचें वजन कळेल. सख्ख्या भावाला बांधाचा हातभर तुकडा न देणाऱ्या मनुष्याकडे कोणी परका येऊन वाटणी मागतो, आणि कांहीं ठिकाणीं ती मिळतेहि, ही गोष्ट सामान्य नव्हे.

मार्च १९६१ पासून विनोबा आसामांत चालत होते. तेथून परत बंगालकडे यावयाचें तर सरळ वाट पूर्व पाकिस्तानांतून जाते. तोच मुलूख १९७१ पासून बांगला देश म्हणून ओळखला जातो. वळसा घेऊन हिंदुस्थानच्या हद्दींतूनच येतां आलें असतें. विनोबांनीं सरळ वाट पसंत केली. पाकिस्तान सरकारनें परवानगी दिली, आणि ५ सप्टेंबर १९६२ रोजीं त्यांनीं हद्द ओलांडून रंगपूर जिल्ह्यांत पाऊल टाकलें.

रंगपूर-दिनाजपूरचा मुलूख

तेथील जमीन कशी आहे हें सांगितल्यावांचून पुढील गोष्टीचें मोल कळणार नाहीं. रंगपूर व दिनाजपूर हे उत्तर बंगालचे जिल्हे. ब्रह्मपुत्रा, धरला व तिस्ता या नद्यांनीं आणलेल्या गाळानें ही भूमि बनली आहे. नदी एका सालीं कांठ खाते व दुसऱ्या सालीं मध्येंच बेट वर काढते. अशा बेटांना तिकडे ‘चर’ म्हणतात. कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं मळीची जमीन ज्यांच्याकडे आहे, त्यांना पुराबरोबर हलणाऱ्या हद्दीचा त्रास सांगावयास नको. मात्र तिकडे गांवेंच्या गांवें हलतात. पिकें भात, ताग व तंबाखूचीं. रंगपूरची तंबाखू निपाणीच्या तंबाखूप्रमाणेंच आपल्या भागांत नांवाजलेली आहे.

जमिनीचें माप तिकडे बिघा. बंगाली बिघा म्हणजे एकराचा सुमारें तिसरा हिस्सा; आपल्या हिशेबानें तेरा गुंठ्यांहून किंचित् अधिक. त्या मुलखांत १७९३ च्या कायमधाऱ्यापासून जमीनदारी होती. १९५० च्या कायद्यानें ती उठली, आणि कसणाऱ्या रयतेचें नांव सरकारशीं थेट जोडलें गेलें. आपल्याकडे १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, १९४८ च्या कुळकायद्यानें संरक्षण आलें, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कूळ मालक होऊं लागलें. म्हणजे दोहों ठिकाणीं शेतकऱ्याच्या नांवाची शाई साधारण एकाच काळीं वाळली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची म्हणून कसलेली जमीन नुकती आपली झालेली असतां तिच्यांतून तुकडा काढून देणें किती जड जातें, हें जुन्या कुळांच्या वारसांनीं आपल्या घरांत विचारून पाहावें.

विनोबांचा प्रवेश झाला तो महिनाहि ध्यानांत घेतला पाहिजे. सप्टेंबरांत तिकडे ताग कापून पाण्यांत कुजविलेला असतो व सोलणीचें काम चालतें. अमन जातीचें भात शेतांत उभें असतें, पण त्याची कापणी नोव्हेंबर-डिसेंबरांत. आधींच्या धान्याचीं मडकीं तोंवर रिकामीं होऊं लागतात, आणि शेतांत मजुरांना काम राहत नाहीं. आश्विन-कार्तिकाच्या या टंचाईला रंगपूरकडे ‘मंगा’ असें खास नांव आहे. ज्या दुष्काळी हंगामाला लोकांनीं नांव ठेवलें आहे तो नित्याचा असला पाहिजे, हें उघड आहे. अशा दिवसांच्या तोंडावर हा पाहुणा तेथें आला होता.

आणखी एक गोष्ट महसूल खात्यांत ज्यांनीं दिवस काढले त्यांना विशेष वाटेल. रंगपूरच्या उत्तरेस कुचबिहार. या दोन मुलखांची सरहद्द जगांतील सर्वांत गुंतागुंतीच्या हद्दींपैकीं एक होती. एका राज्याच्या पोटांत दुसऱ्या राज्याचे तुकडे, असे एकंदर १६२ तुकडे तेथें होते. त्यांतील १११ हिंदुस्थानचे बांगला देशांत व ५१ बांगला देशाचे हिंदुस्थानांत. त्यांना ‘छिटमहाल’ म्हणत. तेथील शेतकऱ्याला तालुक्याच्या कचेरींत जावयाचें तर परक्या देशांतून जावें लागे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीं या तुकड्यांची अदलाबदल होऊन हा घोळ मिटला. १९६२ सालीं तो पुरा होता. ज्या प्रांतांत हद्दीच्या रेषेनें माणसांना इतकें छळलें, त्याच प्रांतांत हद्द ओलांडून आलेल्याचें स्वागत झालें.

सोळा दिवस

विनोबा पूर्व पाकिस्तानांत सोळा दिवस चालले, आणि २१ सप्टेंबर रोजीं पश्चिम दिनाजपुरांत, म्हणजे पुन्हा हिंदुस्थानांत आले. त्यांच्या वयाचीं ६७ वर्षें याच वाटचालींत पुरीं झालीं. प्रकृति तोळामासा, पोटाचा जुना विकार, आहार दह्या-दुधाचा व थोडा. बरोबर मूठभर सोबती आणि पाकिस्तान सरकारनें दिलेला पोलीस बंदोबस्त.

शंका घेणारे दोन्ही देशांत होते. फाळणीला पंधराच वर्षें झालीं होतीं. बंगालच्या दोन्ही भागांतून लाखों माणसें घरदार सोडून गेलीं होतीं, आणि त्यांच्या सोडलेल्या जमिनींचे वाद धुमसत होते. अशा ठिकाणीं एका हिंदु साधूनें जाऊन जमिनीचें नांव काढणें म्हणजे जखमेवर बोट ठेवण्यासारखें होतें. त्यांचें स्वागत मुकाट्यानें होईल, पण जमीन कोण देणार, असें पुष्कळांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

घडलें तें वेगळेंच. रस्त्याच्या दुतर्फा व मुक्कामाच्या गांवीं लोकांचे मोठाले जमाव आले, आणि भूमिहीनांसाठीं जमीन मागितली गेली तेव्हां ती मिळाली. देणाऱ्यांत मुसलमान शेतकरी होते. भूदानाचा नियमच असा होता कीं जेथली जमीन तेथल्याच भूमिहीनाला जावयाची. मागणाऱ्याला त्यांतील ढेंकूळहि नको. म्हणून देणाऱ्याच्या मनांत ही जमीन परदेशीं जाईल किंवा कोणा पंथाच्या मठाला जाईल अशी भीति राहिली नाहीं. परक्या मनुष्यानें येऊन त्यांच्याच गांवांतील गरिबाचें नांव घेतलें, आणि त्यांनीं तें ऐकलें.

विनोबांचीहि तयारी होती. अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. कुराणाचा त्यांनीं मूळ अरबींतून अभ्यास केला होता, आणि त्यांतील निवडक वचनांचा सार-ग्रंथ सिद्ध केला होता. सभेच्या शेवटीं मौन प्रार्थना ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. मौनांत हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती सारे एकत्र बसूं शकतात. ‘जय जगत्’ हा त्यांचा जयघोष तर कोणत्याच राज्याचा नव्हता. पाहुण्यानें यजमानाच्या घरचा रिवाज आधीं समजून घ्यावा हा आपल्या घरांतला साधा नियम. विनोबांनीं तो मोठ्या प्रमाणावर पाळला.

या गोष्टीला अधिक मोठें रूप देण्याचें कारण नाहीं. सोळा दिवसांत दोन राज्यांचें वैर गेलें नाहीं. महिन्याभरांतच, २० ऑक्टोबरला, चीनशीं युद्ध पेटलें, आणि १९६५ मध्यें हिंदुस्थान-पाकिस्तान लढाई झाली. परंतु राज्यांचें वैर आणि माणसांचें वैर यांचीं खातीं निराळीं असतात, एवढें त्या सोळा दिवसांनीं दाखविलें. दरबारच्या खात्यांत शिल्लक वैराची असतांनाहि शेतकऱ्याच्या खात्यांत ओलावा जमा असूं शकतो.

दोन तरुण, खिसा रिकामा

त्याच वर्षीं विनोबांच्याच प्रेरणेनें आणखी एक पायीं प्रवास निघाला होता. राजस्थानचे सतीश कुमार आणि केरळचे ई. पी. मेनन हे दोन तरुण अणुबाँबच्या विरोधांत मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन या चार राजधान्यांस चालत जावयाचें ठरवून विनोबांचा आशीर्वाद घेण्यास गेले. सतीश कुमार हे बालवयांत जैन साधु झालेले, आणि पुढें अठराव्या वर्षीं तो वेष सोडून भूदानाच्या कामांत आलेले. बाहुबलीच्या वाटेवरील आपल्या वाचकांना त्या जुन्या शिस्तीचें मर्म सांगावयास नको : जवळ पैका नाहीं, वाहन नाहीं, भिक्षा मिळेल तें अन्न.

विनोबांनीं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, मांस खाऊं नका; दुसरी, बरोबर एकहि पैसा घेऊं नका. दुसऱ्या गोष्टीचें कारण मोठें व्यवहारी होतें. खिशांत पैसे असले म्हणजे थकलेला मनुष्य खाणावळ शोधतो, जेवतो, झोंपतो व सकाळीं निघून जातो; त्या गांवांत त्याची कोणाशीं गांठच पडत नाहीं. पैसा नसला कीं त्याला कोणाच्या तरी दारांत उभें राहावें लागतें, आणि दारांत उभें राहिलें कीं बोलणें होतें. मांस कां खात नाहीं हेंहि मग यजमान विचारतो, व शांततेचा विषय आपोआप निघतो.

१ जून १९६२ रोजीं दिल्लीस गांधीजींच्या समाधीपासून ते निघाले. पाकिस्तानच्या हद्दीवर पोंचले तेव्हां एका सुहृदानें त्यांना फराळाचीं पुडकीं देऊं केलीं, कारण पुढें शत्रूचा मुलूख. सतीश कुमारांनीं तीं घेतलीं नाहींत. तीं अन्नाचीं नसून अविश्वासाचीं पुडकीं आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हद्द ओलांडून थोडें जातात न जातात तोंच एका पाकिस्तानी गृहस्थानें त्यांना गांठलें. शांततेसाठीं दोघे जण चालत येत आहेत हें त्यानें ऐकलें होतें आणि तो त्यांची वाटच पाहत होता. त्यानें आपल्या मोटारींत बसण्याचा आग्रह केला. ते चालण्याच्या व्रताला बांधलेले, म्हणून त्यांनीं लाहोरचा त्याचा पत्ता तेवढा घेतला आणि पायींच त्याच्या घरीं जाऊन पाहुणचार घेतला. शत्रूच्या मुलखांतला पहिला घांस असा यजमान स्वतः शोधीत आला.

पुढें खैबर घाट, अफगाणिस्तान, इराण आणि मग रशियाच्या अमलाखालचे प्रांत. काळ्या समुद्राच्या बाजूस जॉर्जिया हा चहाच्या लागवडीचा मुलूख. तेथें चहाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायांनीं या दोघांस जेऊं घातलें. आणि त्यांतील एकीनें चहाचे चार पुडे आणून दिले. रशिया, फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका या चार राष्ट्रांच्या प्रमुखांना ते द्यावयाचे, आणि निरोप असा कीं बाँबची कळ दाबण्याची बुद्धि झाली तर क्षणभर थांबून आधीं हा चहा करून प्यावा. जगाच्या महासत्तांना एका कामगार बाईनें शेतमालाची भेट पाठविली, असा दुसरा दाखला मला ठाऊक नाहीं.

सर्वत्र असें झालें असें मात्र नव्हे. पॅरिसमध्यें निदर्शन केलें म्हणून त्यांना कांहीं दिवस कोठडी मिळाली. इंग्लंडहून अमेरिकेस ते जहाजानें गेले, आणि जानेवारी १९६४ मध्यें वॉशिंग्टनला केनेडींच्या थडग्यापाशीं त्यांचा प्रवास संपला. एका हत्या झालेल्या पुरुषाच्या समाधीपासून दुसऱ्याच्या समाधीपर्यंत, सुमारें आठ हजार मैल. खर्चाचा हिशेब विचाराल तर निघतांना हातीं शून्य होतें, आणि वाटेंत जें लागलें तें लोकांनीं दिलें.

दार कां उघडतें

या दोन्ही प्रवासांवरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. यजमानाच्या मायेला पाहुण्याची स्थिति पुष्कळ अंशीं कारण होते. पायीं येणारा मनुष्य दुरून दिसतो. तो पोंचेपर्यंत पाहणाऱ्याला विचार करावयास वेळ मिळतो. त्याचे पाय धुळीनें भरलेले असतात, आणि धुळीचे पाय शेतकऱ्याला परके वाटत नाहींत. त्याच्याजवळ नेण्यासारखें ओझें नसतें, म्हणून तो कांहीं लुबाडून नेईल ही भीति नसते. तो एका रात्रीपुरता असतो, म्हणून त्याचा भार झेपतो. आणि तो विकत घेऊं शकत नाहीं, म्हणून त्याला द्यावेंच लागतें. धनवान् परदेशी प्रवाशाला गांवांत गिऱ्हाईक म्हणून मान मिळतो; पाहुणा म्हणून मान रिकाम्या हाताच्या मनुष्याला मिळतो.

शेतकऱ्याच्या बाबतींत आणखी एक कारण आहे. ज्याचें पोट पावसावर अवलंबून आहे त्याला आज आपली कणगी भरलेली असली तरी उद्यां ती रिकामी होऊं शकते हें ठाऊक असतें. रंगपूरच्या शेतकऱ्याला मंगा ठाऊक, आपल्याला महापूर ठाऊक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें पंचगंगेनें व कृष्णेनें घरें घेतलीं तेव्हां आपल्या व शिरोळ तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें गुरांसह दुसऱ्यांच्या दारांत उभीं राहिलीं. त्या वेळीं ज्यांनीं दार उघडलें त्यांनीं जात, पक्ष किंवा भावकीचा दावा पाहिला नाहीं. दारांत उभें राहण्याची पाळी ज्याच्यावर येऊन गेली आहे त्याला दार उघडणें सोपें जातें.

दान आणि नोंद

आतां या विषयाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ज्यानें जन्मभर फेरफारांचीं रजिस्टरें हाताळलीं त्यानें ती न सांगणें बरें नव्हे. देशभर भूदानांत जाहीर झालेली जमीन ४० लाख एकरांहून अधिक भरली. तिच्यांतील मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोंचलाच नाहीं. कांहीं जमीन खडकाळ होती, कांहींवर कज्जे होते, कांहीं देणाऱ्याच्या एकट्याच्या हक्काची नव्हती, आणि कांहींच्या बाबतींत दान सभेंत झालें पण कागदावर उतरलें नाहीं. पुढें वारसांनीं विचारलें, दान कोठें लिहिलें आहे? जेथें उत्तर नव्हतें तेथें जमीन जागच्या जागीं राहिली.

यावरून देणाऱ्यांचें मन खोटें होतें असें म्हणतां येणार नाहीं. सभेंत उठून उभा राहिलेला मनुष्य त्या क्षणीं खरा होता. पण मायेचा क्षण एका दिवसाचा असतो, आणि जमिनीचें खातें पिढ्यांचें असतें. दोहोंची सांगड घालावयाची तर माया ताजी आहे तोंच लेखणी उचलली पाहिजे.

म्हणून जमीनधारक वाचकांस सांगणें एवढेंच. शाळेला, स्मशानाला, पाणंदीला, देवस्थानाला किंवा भूमिहीन शेजाऱ्याला जमीन द्यावयाची मनांत आली, तर शब्दावर थांबूं नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें स्थावराचें दान नोंदलेल्या दस्तानेंच पुरें होतें, व त्यावर दात्याची सही व दोन साक्षीदार लागतात. दस्त झाल्यावर गांव-नमुना सहामध्यें फेरफार पडला कीं नाहीं, मंडळ अधिकाऱ्यानें तो प्रमाणित केला कीं नाहीं, आणि सात-बारावर घेणाऱ्याचें नांव आलें कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत हक्क संपादन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी देण्याची तरतूद आहे. सामाईक खातें असेल तर आधीं वाटणी करावी, नाहींतर भावांच्या संमतीनें द्यावें. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर परवानगी आधीं घ्यावी. हीं कामें रुक्ष आहेत खरीं. परंतु वडिलांनीं दिलेलें मुलानें परत घेऊं नये यासाठीं एवढाच बांध आहे.

आपल्या बांधावरून जाणारे

परदेशांतल्या लोकांनीं आपल्या माणसांना कसें वागविलें हें वाचून आपल्याला बरें वाटतें. त्याबरोबर आपल्याकडे येणाऱ्यांचाहि विचार व्हावा. दिवाळीच्या सुमारास बीड व अहिल्यानगरकडून ऊंसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या भागांत येतात. ते पायीं येत नाहींत, ट्रॅक्टरनें किंवा ट्रकनें येतात. पण हातांत कोयता आणि गाडींत पोरें-भांडीं यांपलीकडे त्यांच्याजवळ फारसें कांहीं नसतें. गांवाबाहेर खोपी घालून ते चार-पांच महिने काढतात, आणि आपला ऊंस कारखान्याला जातो तो त्यांच्या हातांनीं. मेंढरें घेऊन वाट चालणारे धनगर तर खरोखरच पायीं येतात. शेतांत बकरीं बसविण्यासाठीं आपण त्यांना आवर्जून बोलावतों, कारण लेंडीखताची किंमत आपणांस कळते. खताची गरज संपल्यावर तोच धनगर वाटेंत आडवा आला म्हणजे आपल्या बोलण्यांतला सूर बदलतो, हेंहि खोटें नाहीं.

या माणसांना विहिरीवर मोकळेपणानें पाणी भरूं द्यावें, त्यांच्या बायांना अंधारापूर्वीं खोपीपर्यंत वाट मोकळी असावी, आजारी पोराला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी, आणि लहान मुलांना हंगामापुरतें गांवच्या शाळेंत बसूं द्यावें. यांत कोणाचा सहावा हिस्सा जात नाहीं. रंगपूरच्या शेतकऱ्यानें मंग्याच्या तोंडावर बिघ्यांतून तुकडा काढून दिला. त्या मानानें हें मागणें अगदीं हलकें आहे.

महसुलाच्या दप्तरांत प्रत्येक शेताच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका. त्या लिहिल्याच पाहिजेत, नाहींतर सुखानें पेरणी होणार नाहीं. मात्र पाहुण्याची चौकशी करतांना त्या दप्तराचा उपयोग नाहीं. पायीं आलेल्या माणसाला आधीं पाणी द्यावें आणि मग त्याचा गांव विचारावा, हा आपल्या वाडवडिलांनीं घालून दिलेला क्रम आहे. तो उलटा होऊं देऊं नये.